ऊर्जेचा ताळेबंद चावडीवर मांडावा

अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रामस्थ, ऊस उत्पादक सभासद व नागरिक बंधुभगिनींस जाहीर आवाहन



येत्या स्वातंत्र्यदिनी आपापल्या गावी भरणाऱ्या ग्रामसभेत आणि सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांत तेल, वीज आणि पाणी या तिहींचा एकत्र हिशेब मांडला जावा, त्यावर मोकळेपणी चर्चा व्हावी आणि तिची नोंद इतिवृत्तात राहावी, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्रक आपल्यापुढे ठेवीत आहे. तेलाचे परावलंबन, पर्यायी ऊर्जा आणि हवामानाचा पालट हे विषय दिल्लीच्या मंत्रालयांत नाही तर पॅरिस-ग्लासगोच्या परिषदांत निकालात निघावयाचे, आपल्या तालुक्याचा त्यांच्याशी संबंध तो काय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु तेथे झालेल्या निर्णयांचा भार ज्या जमिनीवर, ज्या विहिरीवर आणि ज्या गायरानावर येऊन पडतो ती जमीन, ती विहीर आणि ते गायरान आपल्याच गावच्या दप्तरी नोंदलेले असल्यामुळे, या विषयात प्रथम बोलण्याचा अधिकार आपला आहे, आणि न बोलण्याचा तोटाही आपलाच आहे.

तेलाचा प्रश्न आपणांस नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्या शेतकऱ्याची विहीर आटली, त्याच्याच ऑइल इंजिनाला लागणारे इंधन पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, महागाईच्या फेऱ्यात सापडले. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांतच बाराच्या घरात गेला. त्याच दशकात आपल्या नगरच्या कायनेटिक कारखान्याची लुना, थोडक्या पेट्रोलवर चालणारी म्हणून, मास्तरांच्या आणि दूधवाल्यांच्या दारी उभी राहिली. त्यानंतर पन्नास वर्षे लोटली. तरीही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आजही परदेशांतूनच येते, आणि २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटताच भाव पिंपाला शंभर डॉलरांच्या वर गेला, तेव्हा नेप्तीच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीभाड्यापर्यंत त्या युद्धाची झळ पोहोचण्यास वेळ लागला नाही.

या परावलंबनातून सुटण्याचा जो मार्ग शासनाने निवडला, त्याचा एक मोठा पल्ला आपल्याच जिल्ह्यातून जातो. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने अध्यक्षपद पत्करले, आणि १९५० च्या हंगामात प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना गाळपास लागला. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, सोनई, भेंडे, श्रीगोंदे, अकोले अशी कारखान्यांची मालिकाच उभी राहिली. मळीपासून मद्यार्क काढण्याची विद्या या कारखान्यांना पूर्वीपासून अवगत होती. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने तिला इथेनॉलची वाट मोकळी करून दिली, २०२२ च्या मध्यास पेट्रोलमध्ये दहा टक्के आणि २०२५ साली वीस टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने गाठला. हे यश खरे आहे आणि त्यातील आपला वाटा अभिमानाने सांगण्यासारखा आहे. परकीय चलन वाचते, साखर पडून राहिली तरी कारखान्याच्या हाती रोकड येते, आणि सभासदाची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, वेळेवर मिळण्यास त्याची मदत होते.

मात्र या यशाची किंमत पाण्यात मोजावी लागते, आणि ती मोजण्याचे काम आपण अजून केलेले नाही. निती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली जो आराखडा दिला त्यात एक टन उसापासून सुमारे शंभर किलो साखर किंवा सत्तर लिटर इथेनॉल, आणि किलोभर साखरेच्या उसाला सोळाशे ते दोन हजार लिटर पाणी, असा हिशेब आहे. त्यावरून एका लिटर इथेनॉलमागे सुमारे तेवीसशे ते साडेअठ्ठावीसशे लिटर पाणी येते, आणि त्या लिटरभर इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते, हेही जमेस धरावे लागते. येथे एक विवेक अवश्य केला पाहिजे. जो ऊस साखरेसाठी लावलेलाच आहे त्याची मळी, किंवा अतिरिक्त साखरेच्या वाट्याचा रस, इथेनॉलकडे वळविला तर नवे पाणी लागत नाही. परंतु इथेनॉलच्या आशेने नवी लागण वाढत गेली, तर परदेशी तेलाच्या जागी आपण भंडारदऱ्याचे, मुळा धरणाचे आणि भूगर्भातील पाणी जाळीत आहोत, असे म्हणणे प्राप्त आहे. ज्या पाण्यावरून आपण पावसाळा हुकलेल्या वर्षी जायकवाडीखालच्या मराठवाड्यातील बांधवांविरुद्ध न्यायालयाच्या पायऱ्या चढतो, ते हेच पाणी. आणि पाथर्डी-जामखेडकडील जी कुटुंबे पाण्याअभावी घरदार सोडून सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात, ती याच जिल्ह्यातली. उत्तरेच्या कालव्याखाली पिकणारा ऊस दक्षिणेच्या कोरडवाहू माणसाने तोडावा, आणि पाण्याचा विचार मात्र दोघांनी मिळून कधीच करू नये, ही स्थिती मला सहन होत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी झाल्याने साखर घटण्याचे भय निर्माण होताच, उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर केंद्र शासनाने एका आदेशाने निर्बंध घातले. कर्ज काढून आसवन्या उभारलेल्या कारखान्यांची त्यामुळे जी ओढाताण झाली ती सभासदांनी पाहिली आहे. एक अपुरा पावसाळा देशाचे इंधनधोरण फिरवितो, हा त्यातला बोध आहे. त्यात तापमानवाढीची भर पडते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, म्हणून पाऊस अधिक जोराने कोसळतो आणि मधले खंडही लांबतात. घाटघर-रतनवाडीस पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेकडे पाचशेची वानवा, अशी मुळातच विषम वाटणी असलेल्या आपल्या जिल्ह्यास हा लहरीपणा परवडणारा नाही. तेलापासून सुटका हवी ती तापमानवाढ रोखण्यासाठीही, आणि सुटकेचे साधन मात्र पावसावर अवलंबून, हा पेच प्रत्येक कारखान्याच्या सभेत उघडपणे मांडला गेला पाहिजे.

विजेच्या बाबतीत तर आपल्या पदरी एक मोठा आणि कटू अनुभव आहे. ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोग देशात ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत १९६९ च्या सुमारास स्थापन झालेली श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. श्रीरामपूर, राहुरी आणि शेजारच्या तालुक्यांतील गावांना शेतकऱ्यांच्याच संस्थेने वीज द्यावी ही कल्पना उदात्त होती, आणि चार दशके ती चाललीही. परंतु थकबाकीचा डोंगर वाढत गेला आणि २०११ साली वितरणाचा परवाना जाऊन तो प्रदेश महावितरणकडे आला. दोष कोणाचा, हा वाद मी येथे उकरू इच्छीत नाही. विजेचा खरा खर्च किती, तो कोण भरतो आणि न भरल्यास पुढे काय होते, हे प्रश्न सभासदांनी वर्षानुवर्षे सभेत विचारावयास हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे. आज साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज देण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याला ती सवलत मिळावी याविषयी मतभेद नाही, परंतु ती मुदत संपल्यानंतर काय, याचा विचार २०२९ सालीच करावयाचा म्हटल्यास फार उशीर झालेला असेल.

सुदैवाने सूर्याची वीज आपल्या दारी आलेली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा २०१७ साली जो प्रारंभ झाला तो यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी आणि आपले राळेगणसिद्धी या दोन गावांपासून. दिवसा थ्री फेज मिळणे ही आपल्या शेतकऱ्याची चैन नव्हे. बिबट्याच्या भयाने हातात बॅटरी घेऊन रात्री उसाला पाणी धरणाऱ्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे, आणि म्हणून या योजनेचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. तरीही उपकेंद्राजवळची जमीन देताना गावाने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. खाजगी जमिनीस हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे मिळते, तेव्हा तो करार ज्याचा त्याने पारखून घ्यावा. पण गायरान गेले तर ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही अशा मेंढपाळाची आणि शेळीवाल्या विधवेची चराई जाते, आणि करारनाम्यावर त्यांची सही कोणी मागत नाही. सुप्याच्या आणि खांडक्याच्या माळावर पवनचक्क्या फिरू लागल्याला आता बराच काळ झाला. त्या गावांनी त्यापासून काय मिळाले, काय गमावले, हे शेजारच्या गावांस सभेत येऊन सांगावे.

आणि अकोले तालुक्यातील घाटघरचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सह्याद्रीच्या कड्यावर वरचा जलाशय, सुमारे चारशे मीटर खाली कोकणच्या अंगास दुसरा. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज निर्माण करावयाची, अशी ही २५० मेगावॉटची योजना २००८ पासून चालू आहे. चढविण्यास लागणारी वीज परत मिळणाऱ्या विजेहून जास्त असते. तथापि दुपारच्या उन्हाची वीज संध्याकाळच्या दिव्यासाठी राखून ठेवण्याचे याहून मोठे साधन सध्या आपल्या हाती नाही, आणि म्हणूनच सह्याद्रीत अशा आणखी योजनांचे करारनामे राज्य शासनाने केले आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले तेव्हा डोंगरातील महादेव कोळी आणि ठाकर बांधवांना कोणी विचारले नव्हते. या खेपेस त्यांच्या ग्रामसभांची संमती आधी, आणि मोजणीदारांची साखळी नंतर, हा क्रम राहावा यासाठी सपाटीवरच्या गावांनीही ठराव करावेत.

हिशेब कसा मांडावयाचा, याचा कित्ता घरातच आहे. हिवरेबाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पाऊस मोजून, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी राखून, उरलेल्यावर कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरविण्याची वहिवाट पाडली, बोअरच्या पाण्यावर शेती नको आणि ऊस नको असे निर्बंध स्वतःवर घालून घेतले, आणि ते पाळले. त्याच धर्तीवर गावात किती डीपी, किती अश्वशक्तीचे पंप, ट्रॅक्टर आणि वाहने मिळून वर्षाला किती डिझेल-पेट्रोल, किती घरी गॅस आणि किती घरी अजून चूल, किती गोबरगॅस चालू आणि किती बंद, मार्च महिन्यात विहिरींची पातळी कोठे असते, हे ग्रामसेवक, वायरमन आणि गावातील महाविद्यालयीन मुले मिळून पंधरवड्यात लिहून काढू शकतील. कारखान्याच्या सभेत सभासदाने अध्यक्षांस आदरपूर्वक विचारावे, की यंदाचे इथेनॉल मळीचे किती आणि रसाचे किती, बगॅसपासून किती वीज बाहेर दिली, आणि कार्यक्षेत्रातील किती ऊस ठिबकवर आहे. ही माहिती मागण्यात कोणाचा अविश्वास नाही. मालकाने आपल्या मालमत्तेची चौकशी करणे हा सहकाराचा पहिला नियम आहे.

चर्चेत एकमत व्हावे अशी माझी अपेक्षा नाही. ऊस लावणारा, ऊस तोडणारा, जमीन भाड्याने देणारा आणि शेळ्या चारणारा यांचे हित प्रत्येक ठिकाणी जुळणार नाही, आणि न जुळणारे हित इतिवृत्तात न जुळणारे म्हणूनच लिहिले जावे. विषय आयत्या वेळी घेतला तर तो गडबडीत उरकला जातो. तेव्हा सभेच्या सूचनेतच तो दाखल व्हावा, यासाठी सरपंचांकडे आणि कारखान्याच्या कार्यालयात लेखी अर्ज आजच द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा भरते. हा हिशेब प्रथम तिच्यापुढे ठेवावा. गॅसची टाकी केव्हा संपली आणि हंड्याला रांग केव्हापासून लागली, याची खरी तारीख तेथेच मिळेल.