कॉलेजात समुपदेशक हवाच, पण मूल घरून ये-जा करत असेल तर?

तुमचा मुलगा किंवा मुलगी कोडोली-वारणानगर परिसरातल्या कॉलेजात शिकत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल तुमच्या कामाचा आहे. विशाखापट्टणममध्ये वसतिगृहात राहून नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे हे प्रकरण. त्यात न्यायालयाने देशातल्या शाळा, कॉलेजे, क्लासेस आणि वसतिगृहांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. गरज का पडली, हे आकड्यावरून कळते: राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले होते.

१०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमलाच पाहिजे. लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर सोय लावून ठेवायची. फी भरायला जाल तेव्हा ऑफिसात विचारा, समुपदेशक कोण आणि कोणत्या दिवशी भेटतात? ‘आमचे सरच बघतात’ हे उत्तर पुरेसे नाही. सर कितीही मायाळू असले, तरी मार्क देणाऱ्या माणसापुढे मूल सहसा मोकळे होत नाही.

निकालात वसतिगृहांची काळजी बारकाईने घेतली आहे, अगदी छताच्या पंख्यांपर्यंत. आपल्याकडे मात्र कितीतरी मुले सकाळच्या एसटीने येतात आणि संध्याकाळी गावी परततात. त्यांची रात्र तुमच्या घरात जाते. आणि शेतकऱ्याच्या घरी, पडवीत नाहीतर गोठ्यात, तणनाशकाची किंवा कीटकनाशकाची बाटली असतेच. ती कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. उसाच्या या पट्ट्यात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. टोकाचा विचार बऱ्याचदा थोडा वेळच जोरात असतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले, तर जीव वाचू शकतो. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशके बंद केली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

झोप उडाली, जेवण कमी झाले, तास बुडू लागले, मित्र तुटले आणि असे दोन आठवडे चालले, तर ‘अभ्यासाचं टेन्शन असेल’ म्हणून सोडू नका. ‘जीव नकोसा वाटतो का रे?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. निघेपर्यंत किंवा मध्यरात्री बोलायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर २४ तास, मोफत आणि मराठीत चालतो. तुम्हीही फोन करू शकता.

समुपदेशक बोलून आधार देतात, औषध लिहून देत नाहीत. औषधाची गरज मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नका. आणि मूल १८ वर्षांचे झाले असेल, तर आत काय बोलणे झाले ते डॉक्टर तुम्हाला सगळेच सांगणार नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो हक्क त्याला दिला आहे. जिवाला धोका असेल, तर मात्र तुम्हाला सांगितले जाते.