उच्चशक्ती लेझर आणि मात्रेचा हिशेब

पाय मुरगळला, खांदा आखडला किंवा टाचेमागचा स्नायुबंध दुखावला, की हल्ली फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रुग्णापुढे उच्चशक्ती लेझरची तजवीज मांडली जाते. आणि यंत्र जितक्या अधिक वॅटचे तितका गुण अधिक, ही समजूत त्याच्या मनात सहज दृढ होते.

वस्तुतः या उपचाराचा उगमच अल्प शक्तीत आहे. बुडापेस्टचे शल्यविशारद एंद्रे मेस्टर हे १९६० नंतरच्या दशकात उंदरांच्या अर्बुदांवर माणकाच्या लेझरचा प्रयोग करीत असता, त्यांचे यंत्र फारच क्षीण असल्याने अर्बुदे तशीच राहिली. परंतु भादरलेल्या त्वचेवर केस लवकर उगवले आणि जखमाही लवकर भरून आल्या. पेशींतील विकरे हा प्रकाश शोषून कार्यप्रवृत्त होतात आणि मात्रा प्रमाणाबाहेर गेल्यास तोच परिणाम मंदावतो, असे पुढील संशोधनातून दिसत गेले.

अर्ध्या वॅटच्या वरील, म्हणजे चौथ्या वर्गातील, यंत्रे त्याज्य आहेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. दहा वॅटचे यंत्र जी ६०० ज्यूल ऊर्जा एका मिनिटात देते, तीच देण्यास अर्ध्या वॅटच्या यंत्राला वीस मिनिटे लागतात. मांडीसारख्या विस्तृत व खोल भागासाठी ही सोय मोठीच आहे. मात्र तेवढ्याच शक्तीची मूठ त्वचेवर एका जागी स्थिर राहिली, तर भाजते. आपल्याकडील सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने ती वरच्या थरातच प्रकाश शोषून लवकर तापते, गोंदणाची जागा तर त्याहूनही लवकर. म्हणून गोऱ्या त्वचेसाठी ठरलेली मात्रा येथे बेधडक लागू करणे हा निष्काळजीपणा होय. उपचारकाने स्वतः संरक्षक चष्मा लावावा आणि रुग्णाचे डोळे उघडे ठेवावेत, हे तर अक्षम्यच.

लेझरच्या उष्णतेने वेदना शमते, पण दुखावलेला स्नायुबंध भार पेलण्यास समर्थ होतो तो क्रमाक्रमाने भार घेऊनच. टाचेमागच्या स्नायुबंधासाठी हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला, पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा बारा आठवड्यांचा व्यायाम बिनखर्चाचा आहे. लेझरच्या झगमगाटात तो मागे पडतो, याचे मला मनस्वी दुःख होते.

म्हणून प्रत्येक बैठकीची तरंगलांबी, वॅट, सेकंद, क्षेत्र आणि एकूण ज्यूल यांचा तपशील रुग्णाच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी मिळावा, आणि घरी करावयाचा व्यायामही त्याच कागदावर लिहिलेला असावा, असा दंडक शासनाने घालावा.