पंचवीस पवनांची नवरी

मल्याळी चित्रपटसृष्टीने गेल्या काही वर्षांत लग्नघराला आपला हक्काचा रंगमंच करून टाकले आहे. मांडव, आहेर, रुसवेफुगवे, ऐनवेळी मोडू पाहणारी सोयरीक आणि या साऱ्यांतून पिकणारा हशा. २०२४ साली आलेला 'गुरुवायूर अंबलनडयिल' हा अशाच धमाल चित्रपटांपैकी एक. त्यात नवरदेव झालेला बेसिल जोसेफ हा नट पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'पोन्मान'मध्ये पुन्हा लग्नघरीच अवतरला. पण या वेळी नवरदेव म्हणून नव्हे, तर नवरीच्या अंगावरील सोन्याचा धनको म्हणून. पहिला चित्रपट पाहून आपली माणसे पोट धरधरून हसली. दुसऱ्याविषयी मात्र 'ख्रिस्ती समाजाची ही बदनामी कशाला?' असा सूर आमच्या कानी आला. हा सूर आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही, हे स्पष्टपणे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

जी. आर. इंदुगोपन यांच्या कादंबरीवर आधारलेला आणि ज्योतिष शंकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट कोल्लम परिसरात घडतो. स्टेफी नावाच्या ख्रिस्ती मुलीचे लग्न ठरले आहे आणि ते पार पडायला पंचवीस पवन सोने हवे आहे. एक पवन म्हणजे आठ ग्रॅम. म्हणजे पंचवीस पवनांचे दोनशे ग्रॅम झाले. घरात तेवढा पैका नाही. तेव्हा अजेश हा मनुष्य सोने घेऊन येतो. सौदा साधा आहे. लग्नाच्या दिवशी सोने नवरीच्या अंगावर चढवायचे, पाहुण्यांनी पाकिटांतून दिलेल्या आहेराच्या पैशांतून त्याची किंमत फेडायची आणि जितक्याचे पैसे जमणार नाहीत तितके सोने परत करायचे. लग्न लागते, आहेर मात्र अपुरा पडतो. नवरी सोन्यासह सासरी निघून जाते. दागिने काढून द्यायला ती तयार नाही आणि अजेशला रिकाम्या हाती परतणे परवडणारे नाही. तो सोन्याच्या मागे थेट तिच्या सासरी जाऊन धडकतो. शेवट काय होतो, ते ज्याने त्याने पाहावे. 'पोन्मान' म्हणजे मल्याळीत खंड्या पक्षी, आणि 'पोन्' म्हणजे सोने. पाण्यावर टपून बसलेल्या त्या पक्ष्याप्रमाणे हा मनुष्य सोन्यावर नजर ठेवून बसतो. त्याच्या धडपडीचे हसू येते आणि पाहता पाहता ते हसू घशात अडकते.

आता बदनामीचा प्रश्न. कोल्लम हे नाव आपल्याला परके नाही. ज्या फ्रायर जॉर्डन कॅटलानी यांनी १३२१ साली ठाण्यातील हुतात्म्यांचे अवशेष सोपाऱ्यास नेऊन पुरले, त्यांचीच १३२९ साली कोल्लमचे पहिले बिशप म्हणून नेमणूक झाली. भारतातील पहिले लॅटिन धर्मप्रांत ते हेच. म्हणजे तेथील श्रद्धा आणि आपली श्रद्धा एकाच वाटेने चालत आलेल्या आहेत. अशा प्राचीन धर्मप्रांताच्या भूमीत सात शतकांनंतरही ख्रिस्ती मुलीचे लग्न तराजूवर तोलले जात असेल, तर बदनामी ते दाखवणाऱ्याने केली की तसे वागणाऱ्याने? आरसा फोडल्याने तोंडावरचा डाग जात नाही.

हा डाग केवळ एका समाजाचा आहे, असेही नाही. २०२१ च्या जूनमध्ये याच कोल्लम जिल्ह्यात आयुर्वेदाचे शिक्षण घेणाऱ्या एका विवाहितेने सासरी प्राण सोडला. ती ख्रिस्ती नव्हती. तिच्या वडिलांनी शंभर पवन सोने, जमीन आणि मोटार दिली होती. जावयाला मोटार पसंत पडली नाही. २०२२ साली न्यायालयाने पतीला दहा वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली. पंचवीस पवनांनी ज्या मार्गाचा आरंभ होतो, तो मार्ग शंभर पवनांनीही संपत नाही, एवढाच याचा अर्थ.

काहीजण म्हणतील, सोने ही मुलीची शिदोरी आहे. अडचणीत तेच तिच्या कामी येते. हा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. वैधव्यात वा आजारपणात पाटल्या मोडून मुलांना वाढवलेल्या माता प्रत्येक धर्मग्रामात सापडतील. मल्याळी भाषेत हुंड्याला 'स्त्रीधनम्' म्हणतात. आपल्या भाषेत स्त्रीधन म्हणजे स्त्रीच्या एकटीच्या मालकीचे धन. शब्द एकच, पण त्यातील 'स्त्री' वाटेत कुठे हरवली? शिदोरी जर मुलीची, तर तिचे वजन मुलाच्या घरच्यांनी का ठरवावे? आणि आईबापांनी ती उसनी का आणावी? उसनवारीच्या शिदोरीने वाटसरूचे पोट भरत नाही.

मुलीला खरा आधार द्यायचा, तर तो कसा द्यावा, हे केरळमधील एका ख्रिस्ती स्त्रीनेच दाखवून दिले आहे. १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता वडील वारले तर मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. तिला हुंडा दिला, म्हणजे तिचा हक्क फिटला, ही त्यामागची धारणा. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली न्यायालयाने मुलींना समान वाटा मान्य केला. खेदाची गोष्ट ही, की त्या निकालाला विरोध करणाऱ्यांत काही धर्ममंडळीही होत्या. एके काळी तेथील सिरियन ख्रिस्ती लोकांत हुंड्याचा काही अंश देवळाला देण्याचीही प्रथा होती. ज्या व्यवहारात देऊळच वाटेकरी, त्या व्यवहाराला देवळातून कोण बोल लावणार?

'आमच्याकडे हुंडा नाही, आम्ही हौसेने देतो,' हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या हंगामात वरचेवर ऐकू येते. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा घेणाऱ्याइतकाच देणाऱ्यालाही दोषी धरतो. मागणीशिवाय दिलेल्या भेटींना तो सूट देतो खरा. पण त्या भेटींची यादी केलेली असावी आणि त्या ऐपतीबाहेरच्या नसाव्यात, अशा त्याच्या अटी आहेत. हौस आणि सक्ती यांतील भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आम्ही सुचवतो. उद्या मुलीच्या बापाने नम्रपणे सांगितले, 'आमच्याच्याने काही होणार नाही,' तर सोयरीक टिकेल काय? आनंदाने टिकणार असेल, तर ती हौस. मोडणार असेल, किंवा मुलीला जन्मभर टोमणे ऐकावे लागणार असतील, तर त्या देण्याला हुंडा हेच नाव आहे.

काना गावचे लग्न आपण प्रत्येक विवाहप्रसंगी आठवतो. पण ते नीट वाचतो काय? त्या घरीही तूट पडली होती. ती पवित्र मरियेच्या ध्यानात आली आणि घरच्यांची मान खाली जाण्यापूर्वीच तिने ती आपल्या पुत्राच्या कानावर घातली. सहा दगडी रांजण भरले गेले. पुढे भोजनाचा कारभारी बोलावतो, तो नवऱ्याला. नवरीच्या बापाला नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात मेजवानीचा जाब नवऱ्याकडे आहे. आपण मात्र पाहुणचाराचा, सोन्याचा आणि संसारोपयोगी वस्तूंचा सारा भार मुलीच्या घरावर टाकून मोकळे होतो आणि त्याच वेदीवर कानाचा उतारा वाचून घेतो.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. विवाह संमतीतून घडतो आणि ती संमती कोणतीही मानवी सत्ता दुसऱ्याच्या वतीने देऊ शकत नाही, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे १०५७ वे कलम सांगते. मग जेथे संमतीआधी सोन्याचे वजन ठरते, तेथे धर्मगुरूने डोळे का मिटावेत? विवाहापूर्वी वधूवरांची जी स्वतंत्र चौकशी होते, तीत वयाचा, बाप्तिस्म्याचा आणि आप्तसंबंधाचा प्रश्न विचारला जातो. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारला जावा: या लग्नासाठी कोणी काही मागितले आहे काय, आणि कोणी कर्ज काढले आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर दोन्ही घरच्यांना समोर बसवून तो विषय मिटेपर्यंत तीन रविवारच्या पुकारा थांबवाव्यात. धर्मग्राम परिषदांनी आपल्या पुढील बैठकीत हा ठराव घ्यावा. आणि ज्या तरुणांची लग्ने यंदा ठरली आहेत, त्यांनी परिषदेची वाट न पाहता स्वतःच्या आईवडिलांना आजच सांगावे, की नवरीच्या अंगावर तिच्या घरच्यांनी उसने आणलेला एक मणीही आम्हांस चालणार नाही.