श्रवणचाचणी नॉर्मल, मग मूल ऐकत का नाही?

'श्रवणचाचणी नॉर्मल आली, म्हणजे कानाचा प्रश्न मिटला. मूल मागे पडतं ते लक्ष देत नाही म्हणून, नाहीतर आजारपणात शाळा बुडते म्हणून.' सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांविषयीचा हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण तो टिकत नाही.

ही चाचणी शांत खोलीत होते. हेडफोनमधून बारीक सूर वाजतो, ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. यातून एवढंच कळतं की आवाज पोहोचतो. भरल्या वर्गाच्या गलबल्यात, पत्र्यावर पाऊस वाजत असताना बाईंचं वाक्य वेगळं काढणं, तीन सूचना क्रमाने ध्यानात ठेवणं हे काम मेंदूचं. आणि सिकलसेल मेंदूलाही सोडत नाही. विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्या अडवतात आणि अर्धांगाचं एकही लक्षण नसताना मेंदूत बारीक इजा होतात. पाश्चात्त्य अभ्यासांत या आजाराचा 'एसएस' हा प्रकार असलेल्या सुमारे तिघांपैकी एका मुलाच्या एमआरआयमध्ये अशा मूक इजा दिसल्या आहेत.

'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य' हे दुसरं समाधान. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, हे खरं. तरीही तीव्र त्रास झालेली मुलं नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनीच नोंदवली आहेत.

शाळा बुडते, रक्तक्षयाने थकवा येतो, हे कोण नाकारतो? गोंगाटात बोलणं न समजण्याची अडचण श्रवणाची की लक्षाची, यावर तज्ज्ञांतही वाद आहे. तेव्हा सगळं खापर श्रवणप्रक्रियेवर, म्हणजे ऐकलेल्याचा अर्थ लावण्याच्या मेंदूच्या कामावर, फोडू नये. पण गडचिरोलीतल्या माडिया किंवा नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या मुलाचा विचार करा. अर्धवट ऐकलेलं मराठी वाक्य मराठी घरातलं मूल अंदाजाने पुरं करतं. याला तीही सोय नाही. अशा मुलाला 'मठ्ठ' म्हणणं हा आळस आहे, निदान नव्हे.

जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य 2047 पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं आहे. रक्त तपासायलाच हवं. पण आज वर्गात बसलेल्या मुलाचं काय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. मग अभ्यासात अडखळणाऱ्या सिकलसेलग्रस्त मुलाची, साधारण सात वर्षांनंतर, गोंगाटात बोलणं समजतं का याचीही चाचणी झालीच पाहिजे. शिक्षकांनी मात्र तोवर थांबू नये. मुलाला पुढच्या बाकावर घ्या, त्याच्याकडे तोंड करून बोला, एका वेळी एकच सूचना द्या आणि ती फळ्यावर लिहा. त्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज नाही.