सुरी देण्याआधी

गणपती महिन्यावर आले की सोसायट्यांमध्ये महाप्रसादाच्या बैठका सुरू होतात. पानं किती, आचारी कोण, मसालेभात की साधं वरण-भात, यावर तासन्‌तास चर्चा चालते. भाज्या चिरायला कोण कोण बसणार, तेही ठरतं. त्या कशाने चिरायच्या हे मात्र कुणी ठरवत नाही. त्या दिवशी सकाळी घराघरांतून सुऱ्या गोळा होतात आणि ज्याच्या हाताला जी लागेल ती तो उचलतो.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळी आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका कॉलेजकुमाराच्या डाव्या तर्जनीची कंडरा कापली गेली. सुरी तिथल्याच एका काकांची होती. काकांना स्वयंपाकाची मनापासून आवड. सुरी जपानी पोलादाची, दगडावर पाजळून अगदी तयार ठेवलेली. त्यांनी ती कौतुकाने दिली, ‘बघ कशी कापते’ असं म्हणून. मुलाच्या घरी छोटी दातेरी सुरी, तीही धार गेलेली. त्याने घरच्यासारखाच बटाटा डाव्या हातात धरला, वरून सुरी टेकवली आणि नेहमीच्या सुरीला लागतो तेवढा जोर दिला. बटाट्याचे दोन भाग झाले आणि पातं बोटात गेलं.

दुखलं म्हणाल तर फारसं नाही. खूप धारदार पात्याने कापलेलं लगेच दुखत नाही, आधी रक्त दिसतं. कुणीतरी हळद दाबली, कुणी रुमाल बांधला आणि मुलगा पुन्हा पंगतीत वाढायला गेला. बोटाचं टोक वाकत नाही, हे संध्याकाळी लक्षात आलं. पुढे शस्त्रक्रिया, आधारपट्टी, व्यायाम, आणि मोटारसायकलचा क्लच दाबण्याइतकी ताकद बोटात यायला तीन महिन्यांहून अधिक काळ.

त्यानंतर इमारतीत दोन मतं पडली. काहींच्या मते एवढी धारदार सुरी घरात ठेवूच नये. बाकीच्यांच्या मते मुलाने लक्ष द्यायला हवं होतं. मला दोन्ही पटत नाहीत. धार हा सुरीचा दोष नव्हे, तो तिचा धर्म आहे. आणि ज्याला काही सांगितलंच नाही, त्याने लक्ष तरी कशाकडे द्यायचं? माझ्या मते जबाबदारी सुरी देणाऱ्याची असते. ती सुरी काय करू शकते, हे त्या क्षणी तिथे एकट्या त्यालाच ठाऊक असतं.

धारदार सुरी बोथट सुरीपेक्षा सुरक्षित, असं स्वयंपाकाचे जाणकार नेहमी सांगतात. ते खरंही आहे. बोथट पातं टोमॅटोच्या सालीवरून घसरतं, जोर लावावा लागतो, आणि जोरात घसरलेली सुरी कुठे जाईल ते सांगता येत नाही. पण हे खरं आहे ते धारेची सवय असलेल्या हाताच्या बाबतीत. ज्याचा हात वर्षानुवर्षं बोथट सुरीवर तयार झालाय, त्याला अचानक धारदार सुरी मिळाली की त्याची प्रत्येक सवय त्याच्यावर उलटते. आपल्याकडच्या या सवयी कोणत्या, हे नीट बघायला हवं.

पहिली आणि सगळ्यांत घातक सवय म्हणजे हातात धरून कापणं. बटाटा, लिंबू, सफरचंद, पेरू, सगळं आपण तळहातावर कापतो. किंवा सुरी स्वतःकडे ओढत अंगठ्यावर थांबवतो. भेंडी, गवार, फरसबी अशीच चिरणाऱ्या कितीतरी बायका आहेत आणि त्यांच्या अंगठ्यावर बारीक रेघांची जाळी असते. धार गेलेल्या सुरीला अंगठ्याची कातडी अडवू शकते. पाजळलेल्या सुरीला ती अडवत नाही.

यामागे विळीचाही भाग आहे. विळीचं पातं स्थिर असतं आणि आपण भाजी त्याच्याकडे नेतो. पाटावर पाय, दोन्ही हातांत भाजी, डोळ्यांसमोर उभं पातं. धोका कुठे आहे हे सतत दिसत असतं, तो जागचा हलत नाही. जन्मभर विळीवर बसलेली बाई नारळापासून मेथीपर्यंत सगळं झरझर चिरते, तेव्हा तिच्या बोटांना पात्याची जागा पाठ असते. सुरीचं सगळं उलटं. भाजी स्थिर ठेवायची आणि पातं फिरवायचं. म्हणून विळीवर तरबेज असलेल्या माणसालाही मोठी सुरी देताना तो नवशिका आहे असंच धरावं. हेच उलट्या बाजूनेही खरं आहे. हॉटेलात सुरी सफाईने चालवणाऱ्या मुलाला विळीवर बसवून फणस कापायला सांगू नये.

विळीबरोबर आपल्या घरांत एक शिस्तही होती. काम झालं की विळी पाडून ठेवायची. विळी ओलांडायची नाही. सुरी किंवा कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने ती उचलायची. हातात दिली तर भांडण होतं, असं आजी सांगायची. कारण काहीही सांगितलेलं असो, रीत शंभर टक्के बरोबर आहे. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतही हेच शिकवतात: सुरी खाली ठेवा, मूठ समोरच्याकडे करा. विळी माळ्यावर गेली आणि तिच्यासोबत ही शिस्तही गेली, याचं मला फार वाईट वाटतं. सुऱ्या मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी धारदार झाल्या.

किती धारदार, ते थोडं सांगतो. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापाने मोजतात. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण 56 ते 58 भरतात, तर बऱ्याच जपानी सुऱ्या 60 च्या वर. पोलाद जितकं कठीण, तितकी बारीक धार त्यावर टिकते. म्हणून जर्मन सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे 20 अंशांचा कोन देतात आणि जपानी सुरीला सुमारे 15 अंशांचा. असं पातं नुसत्या वजनाने टोमॅटोत उतरतं. आज अशा सुऱ्या ऑनलाइन मागवता येतात आणि हौशी माणसं त्या हौसेने वापरतात. त्यात गैर काही नाही. पण ती सुरी दुसऱ्याला देताना बहुतेकांना काळजी असते ती सुरीची: हाडावर मारू नको, ओट्यावर कापू नको, भोपळ्यात पिळू नको, टवका उडेल. हाताबद्दलच्या सूचना त्यानंतर येतात किंवा येतच नाहीत.

आता हाताबद्दल. आपल्या बोटांत स्नायू नाहीत. बोट वाकवणारे स्नायू मुख्यतः कोपराखालच्या हातात असतात आणि तिथून निघालेल्या दोरीसारख्या कंडरा बोटं ओढतात. अंगठा सोडून प्रत्येक बोटात वाकवण्याच्या दोन कंडरा, आणि बोटाच्या दोन्ही कडांनी कातडीच्या अगदी जवळून जाणाऱ्या संवेदनेच्या नसा. तळव्याच्या बाजूने कापलेली जखम बाहेरून जेमतेम सेंटिमीटरभर दिसली, तरी आत कंडरा आणि नस दोन्ही तुटलेल्या असू शकतात. तुटलेल्या कंडरेचं टोक आखडून तळव्याकडे मागे सरकतं. बोटाच्या मुळाजवळचा भाग तर इतका अवघड की अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी त्याला ‘नो मॅन्स लँड’ असं नाव दिलं होतं. तिथे लगेच कंडरा शिवू नये, असाच तेव्हाचा संकेत होता. 1960 च्या दशकात लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांच्यासारख्यांनी तो मोडून काढला. आज कंडरा शिवता येतात, पण पुढचे कित्येक आठवडे आधारपट्टी आणि मोजका व्यायाम यांतून सुटका नसते. नस शिवल्यावर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढते. बोटाच्या टोकाची संवेदना परत यायला किती दिवस लागतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

म्हणून जखम झाली तर हळद, कॉफी, टूथपेस्ट यांतलं काहीही भरू नका. नळाखाली धुवा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात वर धरा आणि दहा मिनिटं मध्ये उघडून बघू नका. मग दोन गोष्टी तपासा. बोटाचा प्रत्येक सांधा वाकतो का? बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श नीट कळतो का? यांतलं एकही उत्तर नाही असेल, तर रक्त थांबलेलं असलं तरी त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही विचारा. बोटाचा तुकडाच पडला असेल, तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका.

पण हे सगळं अपघातानंतरचं. त्याआधीचं काम पाच मिनिटांचं आहे आणि ते सुरी देणाऱ्याचं आहे.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे नाही म्हणणं. आमच्या कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडून मी ती शिकलो. त्याच्याकडे येणारी तरुण मुलं कधीकधी ‘मी फोडून बघू का?’ असं विचारत कोयत्याला हात घालतात. तो शांतपणे कोयता आपल्या मागे ठेवतो आणि म्हणतो, ‘दादा, कोयता नाय देणार. शहाळं पाहिजे तेवढं फोडून देतो.’ त्याला कुणी उद्धट म्हणत नाही. शहाळं तळहातावर तोलून चार घावांत तोंड उघडायला त्याला काही वर्षं लागली आहेत आणि ती वर्षं समोरच्या मुलाकडे नाहीत, हे तो ओळखतो. कोकणात कमरेच्या आकडीला लावलेली कोयती लोक सहसा दुसऱ्याला देत नाहीत. मुरलेले आचारीही आपली सुरी कुणाच्या हाती देत नाहीत. धारेवर पोट असलेली माणसं नाही म्हणतात. हौशी माणसांना मात्र नाही म्हणणं अवघड वाटतं, ते कंजूषपणाचं वाटतं. ते तसं वाटू नये.

आणि द्यायचीच असेल, तर सुरीबरोबर पाटही द्या. लाकडी पाट सरकू नये म्हणून त्याखाली ओलं फडकं घाला. बटाटा आधी तुम्ही स्वतः मधोमध कापून त्याची सपाट बाजू खाली ठेवून दाखवा, कारण गोल वस्तू लोळते. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत दुमडायला आणि अंगठा मागे ठेवायला सांगा, म्हणजे पातं पेरांना टेकून चालेल. हातात धरून काही कापायचं नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. धार अंगठा फिरवून बघायची नाही. सुरी हातातून निसटली तर झेलायची नाही, पाय मागे घ्यायचे. सुरुवात काकडीने करू द्या. लाल भोपळा, सुरण, रताळी पहिल्या दिवशी नकोत. आणि तिथेच उभे राहा. बालवीरांच्या चळवळीत चाकू वापरणाऱ्या मुलाभोवती हात पसरून मावेल एवढं वर्तुळ मोकळं ठेवायला लावतात. महाप्रसादाच्या सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसलेल्या दहा जणांत ही जागा कुठे असते? ती करायला हवी.

लहान मुलांना सुरी देऊच नये, असं माझं म्हणणं नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने आईशेजारी उभं राहून केळं, काकडी चिरावी. फक्त त्याला बोथट सुरी देऊन शिकवू नये. तिच्यावर शिकलेला जोर पुढे त्याच्याच बोटांवर येतो.

शेवटी एका अशा व्यक्तीबद्दल, जिने सुरी मागितलेलीच नसते. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या ताई. फेसाळ पाण्याच्या टबात, ताटांच्या खाली आपण सुरी सोडून देतो आणि त्या आत हात घालतात. हे सुद्धा अनोळखी हाताला सुरी देणंच आहे, तेही न सांगता. हाताला टाके पडले की ते दहा ते चौदा दिवसांनी निघतात, आणि तोवर तो हात भांड्यांच्या पाण्यात घालता येत नाही. म्हणजे तिची सगळी घरं बंद, आणि बहुतेक घरांत तेवढे दिवस पगारातून कापले जातात. वापरून झालेली सुरी कृपा करून भांड्यांत टाकू नका. तिथल्या तिथे स्वतः धुवा, पुसा आणि जागेवर ठेवा. आणि तुमच्या घरात कुणा ताईंचा हात कापलाच, तर दवाखान्याचा खर्च आणि त्या दिवसांचा पूर्ण पगार द्या.