मिश्रीला व्यसन म्हणू या

सप्तव्यसनांची यादी आपल्याला तोंडपाठ असते. तिच्यात तंबाखूचं नाव नाही, म्हणून आपण सुटलो असं वाटतं. मलाही वाटायचं. चौविहार केला की सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसे, पण रात्री दहाला मिश्रीची डबी उघडायचीच. सुनेने विचारलं की म्हणायचे, “अगं, हे काय खाणं आहे? दात घासते.” दिवसातून पाच वेळा कोण दात घासतं? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

आपल्याकडे प्रायश्चित्ताआधी आलोचना असते, दोष स्वतःच्या तोंडाने सांगायचा. दोष मान्यच नसेल, तर प्रायश्चित्त कशाचं घेणार? शेवटी सुनेलाच सांगितलं, “हे व्यसन आहे गं.” डबी लगेच नाही सुटली, तिसऱ्या खेपेला सुटली. पण सुरुवात त्या वाक्यापासून झाली.