भूक मंदावते तेव्हा

घरातील वडीलधारी व्यक्ती दोन पोळ्यांऐवजी अर्ध्या पोळीवर हात धुऊ लागली, की जैन कुटुंबात त्याचा अर्थ बहुधा चांगलाच लावला जातो. आसक्ती सुटली, ऊनोदरी साधली, असे कौतुकाने म्हटले जाते. परंतु बाह्य तपांत दुसरे स्थान असलेल्या ऊनोदरीत भूक असते. ती असूनही साधक जाणीवपूर्वक चार घास कमी घेतो. ज्याला भूकच नाही, त्याने सोडले तरी काय? त्याचे कमी खाणे हे एक लक्षण असते, आणि त्याचे कारण शोधावे लागते.

आयुर्वेदाने येथे उपयुक्त भेद केला आहे. जठराग्नी मंद झाल्याने भूक न लागणे हे अग्निमांद्य. अन्न तोंडात घेऊनही रुची न वाटणे हा अरोचक. पेढीवर दिवसभर होणारा चहा आणि जुनाट बद्धकोष्ठ भूक मारतात. सैल कवळी, कोरडे तोंड, वयोमानाने क्षीण झालेले घ्राणेंद्रिय रुची घालवतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने काहींना मळमळ होते. शिवाय ते दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते. शाकाहारात हे जीवनसत्त्व प्रामुख्याने दुधा-दह्यातूनच मिळते. त्यामुळे मेटफॉर्मिन घेणाऱ्याने दूध-दह्याचाही दीर्घकाळ त्याग केला असेल, तर जीभ सोलवटणे, पायांना मुंग्या येणे आणि अन्नावरील वासना उडणे यांचा एकत्रित विचार व्हावा.

काविळीत डोळे पिवळे होण्याआधीच अन्नाचा तिटकारा येऊ शकतो. क्षय, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग यांतही भूक जाते. आणि जोडीदाराच्या निधनानंतर किंवा पेढी मुलांच्या हाती सोपवल्यावर मन खचले, तरीही जाते. हे कारण घरच्यांच्या लक्षात सर्वांत उशिरा येते.

तराजूची सवय असलेल्या घराने वजनाची नोंद ठेवणे अवघड नाही. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलो वजन उतरले, तर चालू औषधांची यादी घेऊन वैद्यकीय तपासणी करावी. ताप, गिळताना त्रास किंवा काळी शौचास असेल, तर वजनाची वाट पाहू नये. दीर्घ तपाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वीही ही तपासणी उरकावी. चौविहार पाळणाऱ्यांना नवकारशी ते सूर्यास्त या वेळेत दोन मोठ्या जेवणांऐवजी चार लहान आहार देता येतात. मुगाचे पातळ वरण, मऊ भात, ताजे ताक, आणि ताटाशेजारी जेवायला बसणारे घरचे कोणीतरी.